काढ्याचे मडके परत करत नाहीत

ज्या वर्षी आमच्या मुलीला, यिनच्याओला, एक्केचाळिसाव्या वर्षी दुसरे मूल झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. तिची थोरली मुलगी तेव्हा कॉलेजात जायच्या बेतात होती, आणि सरकारने दुसऱ्या मुलाला नुकतीच मोकळीक दिली होती. आमच्या शीकेंग गावच्या बायका म्हणत, "सरकारचं गावात कुणी ऐकलं असेल तर ते यिनच्याओने." मला लाजही वाटे आणि हसूही येई.

बाळाला महिना पुरा झाल्याच्या जेवणाला मी आणि माझा नवरा रुइथांग तालुक्याच्या गावी तिच्या घरी गेलो. तांदळाच्या गोड दारूत आले घालून शिजवलेली कोंबडी मी घरून करून नेली होती. रुइथांगने दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवली. मीही फार खाल्ले नाही. वर्षभर माझ्या छातीत जळजळ होत असे, आणि त्याला अन्नाची वासना उरली नव्हती. आम्ही दोघेही म्हणायचो, वय झाले. यिनच्याओने दोघांच्या वाट्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही इस्पितळात नेले. घशातून नळी घालून पोट बघतात, तसे आमचे बघितले. आधी त्याचे, मग माझे.

रुइथांग बाहेर येऊन म्हणाला, "बैलाला औषध पाजतात तसं केलं माझं."

"बैल बरा. तो लाथ तरी मारतो," मी म्हटले.

हसत हसत गावी परतलो. पुढच्या आठवड्यात कुठला सण नसताना आमचा मुलगा चाओरोंग शियामेनहून आला. पाठोपाठ यिनच्याओही बाळाला घेऊन आली. दोघे भावंडे स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत आणि मी आत गेले की बाळाबद्दल बोलू लागत. बाळ इतके लहान होते की त्याच्याबद्दल तेवढे बोलण्यासारखे काही नव्हते.

दुपारी चाओरोंग मला म्हणाला, "आई, चल, मळ्यात मुळे बघू."

चाओरोंगला मुळ्यांत कधी रस नव्हता. मी त्याच्यामागून गेले. वाफ्याशी उभा राहून तो म्हणाला, "बाच्या पोटात गाठ आहे."

"कसली?"

"वाईट जातीची."

मी खाली वाकून एक मुळा उपटला. का उपटला ते मला माहीत नाही. माती झटकली आणि विचारले, "कापून काढत नाहीत?"

"या वयात टेबलावर घेतला तर उठायचा नाही म्हणतात. आई, त्याला सांगायचं नाही. तोंगशेंगकाकाचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

तोंगशेंग म्हणजे रुइथांगचा धाकटा भाऊ. त्याला डॉक्टरने तोंडावर सांगितले होते. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला, आणि भाताची कापणी व्हायच्या आत गेला. आमच्याकडे म्हणतात की गाठ एकाला मारते आणि गाठीचे नाव तिघांना मारते. म्हणून आम्ही नाव घेत नाही.

"मग करायचं काय?" मी विचारले.

"लानमावशीचा झाडपाला. डॉक्टर म्हणाले, द्यायचा तर द्या. पण बा पिणार नाही, तेवढं तू जमव. तुझंच पोट बिघडलंय म्हणून सांग. तू पिऊ लागलीस की तुझ्या सोबतीला तोही पिईल."

हे खरे होते. रुइथांगने जन्मात औषध घेतले नव्हते. ताप आला तर तो बांध खणायला जाई आणि म्हणे, घामाबरोबर निघून जाईल. पण मी एकटीने काही सोसावे, हे त्याला बघवत नसे. माझ्या बाळंतपणात तो दाराबाहेर बसून माझ्यापेक्षा मोठ्याने कण्हत असे, अशी त्याची गावात थट्टा होई.

लानमावशी चढावरच्या वाडीत राहते. तिच्या जमातीत झाडपाल्याची विद्या सासूकडून सुनेकडे जाते. तिने सापजिभीचे वाळलेले गवत दिले. बारीक लांब पानांचे, शेताच्या बांधावर उगवते ते. त्याचे पांढरे फूल तांदळाच्या कणीएवढे असते. त्यात तिने जांभळ्या फुलांचे दुसरे एक गवत बांधले आणि कसलीशी मुळी घातली. म्हणाली, "मातीच्या मडक्यातच उकळ. लोखंडाला लावू नकोस. आणि दोघांनी बांबूचे कोंब, मुळा, बदक आणि कोंबडा सोडायचा."

"दोघांनी?"

"दोघं पिणार ना?"

"हो."

"मग दोघांनी."

आता मडक्याचे सांगते. आमच्या गावात काढ्याचे मडके प्रत्येक घरात नसते. एक मडके असते आणि ते फिरते. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने जाऊन ते आणायचे. काम झाले तरी ते परत करायचे नाही, कारण मडके परत करणे म्हणजे दुसऱ्याच्या दारी आजार पोचवणे. पुढच्याला गरज लागली की तो येऊन नेतो. त्यामुळे मडके कुणाचे ते कुणालाच आठवत नाही, पण आत्ता कुणाच्या घरी आहे ते सगळ्यांना ठाऊक असते. आणि हातात मडके घेऊन बाई रस्त्याने निघाली की सगळा गाव विचारतो, कोण?

तेव्हा मडके फूमेइकडे होते. पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा यकृताच्या दुखण्याने गेला, तेव्हापासून ते तिच्या डुकरांच्या खोपटाच्या वळचणीला पालथे पडले होते. मी निघाले. पुलाशी भाजी धुणाऱ्या बायकांनी विचारले, "कुठं निघालीस, वहिनी?"

"फूमेइकडे."

"मडक्याला?" त्यांचे हात थांबले. "कोण?"

"मीच. पोट धरतं." हे मी घोकून ठेवले होते.

फूमेइने मला पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. "वहिनी, तू स्वतः आलीस?"

"मग काय डुकराला पाठवू?"

"तसं नाही. दादा येतो म्हणाला होता."

"कोण दादा?"

"रुइथांगदादा. परवा येऊन मडकं बघून गेला. तडा गेलाय का, दांडा धड आहे का, पाणी भरून बघितलं. म्हणाला..." ती थांबली.

"काय म्हणाला?"

"बोलू नकोस म्हणालाय."

"मग बोल."

फूमेइच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे रुइथांगला ठाऊक होते. तरी त्याने तिला सांगितले, यावरून त्याचे काय झाले असेल ते ओळखावे. ती माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या पोटात गाठ आहे म्हणाला. वाईट. पोरांनी त्याला एकट्यालाच सांगितलंय. तुला कळू द्यायचं नाही. आणि तुला एकटीला काढा कडू जाईल, म्हणून तोही बरोबर पिणार आहे. वहिनी, मी काही बोलले नाही हं."

"नाही, तू काही बोलली नाहीस."

मी मडके उचलले. काजळीने काळे झालेले, एका अंगाला दांडा आणि दुसऱ्या अंगाला चोच. तसे हलकेच असते, पण पुलापर्यंत येईतो माझे हात भरून आले.

मुलांनी मला सांगितले, बा आजारी आहे, तू सोबत पी. त्याला सांगितले, आई आजारी आहे, तू सोबत पी. एकाला खरे सांगितले आणि दुसऱ्याला फसवले. पण कुणाला? मला खरे सांगितले असेल तर त्याला काढा पाजायची ती युक्ती. त्याला खरे सांगितले असेल तर मला पाजायची ही युक्ती. मी पुलावर उभी राहून पहिल्यांदा स्वतःच्या पोटावर हात ठेवला. दाबले. काही लागले नाही. मग थोडे लागले. मग मला वाटले, दाबले म्हणून लागले.

घरी रुइथांग मधमाश्यांपाशी होता. आमच्या वळचणीला ओंडके पोखरून केलेली पाच पोळी होती. माझ्या हातातले मडके पाहून त्याचा चेहरा पडला.

"मी आणणार होतो ते," तो म्हणाला.

"तू कशाला? पोट माझं बिघडलंय."

"तेच म्हणतो. बिघडलेल्या पोटाने एवढं चालायचं?"

"तुला कुणी सांगितलं माझं पोट बिघडलंय?"

तो गडबडला. "तूच नाही का म्हणालीस?"

"कधी?"

"आत्ता," तो म्हणाला, आणि ओंडक्यात डोके घालून माश्यांशी बोलू लागला.

दुसऱ्या दिवसापासून काढा सुरू झाला. चुलीवर मडके तासभर रटरटे आणि घरभर ओल्या भाताच्या पेंढ्याचा वास पसरे. मी दोन वाट्यांत गाळायची. त्याच्या वाटीत थोडा जास्त ओतायची. पाठ वळवली की वाट्यांची जागा बदललेली असायची. मी पुन्हा बदलायची.

"अगं, ती माझी वाटी आहे."

"तुझं नाव लिहिलंय का त्यावर?"

"तुझ्यात कमी आहे."

"मला कमीच पुरतो. मी बुटकी आहे."

"बुटकीच्या पोटात गा..." तो थांबला. "गार होतोय. पी."

तो डोळे मिटून पिई आणि पिऊन झाल्यावर आधी माझ्याकडे बघे. मी त्याच्याकडे बघत असे. कडू तोंड करून दोन म्हातारी माणसे एकमेकांकडे बघत बसत, आणि कोण कुणावर पहारा करते आहे ते कळत नसे.

खरे काय ते मला हवे होते, आणि ते नुसत्या भीतीने नव्हे. मी जाणार असेन तर रुइथांगला चूल पेटवायला शिकवायला हवे होते. त्याला भात करता येत नव्हता, मोहरीचा पाला मिठात कसा मुरवतात ते ठाऊक नव्हते. मी गेल्यावर तो दारूवर आणि भुईमुगावर राहिला असता. आणि तो जाणार असेल तर मला त्याला माझ्या हातचे काय काय खाऊ घालायचे होते, ते सगळे लानमावशीने बंद केले होते. तो बांबूच्या कोंबांचा मोसम होता. त्याला कोंब म्हणजे प्राण. शेजारी खारवलेल्या डुकराच्या मांसात कोंब शिजत आणि तो नाक वर करून अंगणात उभा राही. माझे काळीज तुटे. मग वाटे, हा माझ्यासाठी पथ्य करतो आहे. मग वाटे, नाही, मी त्याच्यासाठी.

शेवटी मी त्याला म्हटले, "चल, आज भात तू कर. मला उभं राहवत नाही."

तो लगेच उठला. त्यावरून मला वाटले, याला खात्री आहे की मीच जाणार. त्याने भात करपवला, दुसऱ्या दिवशी कच्चा ठेवला, आठवड्याने खाण्याजोगा केला. मग तो म्हणाला, "आता तू इकडे ये. माश्यांचं शिकून घे."

"मी कशाला?"

"राणी नवी कधी करतात, पोळं कधी फुटतं, किती मध ठेवायचा, हे कुणीतरी शिकायला हवं ना?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. जी मरणार आहे तिला कुणी मधमाश्या पाळायला शिकवतो का? म्हणजे त्याला आतून कळले असले पाहिजे की तोच जाणार. की त्याला माझ्यावरचा संशय घालवायचा होता? एखादी गोष्ट दोन्हीकडून बघितली की ती कुठल्याच बाजूने धड दिसत नाही. मी जाळी तोंडावर ओढली आणि राणी बघायला शिकले.

मी यिनच्याओला फोन केला. माझ्याकडे कागद नव्हते. इस्पितळाचे कागद तिने स्वतःकडे ठेवले होते, आणि असते तरी डॉक्टरचे अक्षर मला लागले नसते.

"तुम्ही बाला काय सांगितलंत?" मी विचारले.

"फूमेइमावशी बोलली वाटतं." ती सुस्कारली. "आई, तुझं नाव सांगितल्याशिवाय तो पिणार कसा? म्हणून सांगितलं."

"आणि मला गाठ असती तर मला काय सांगितलं असतंत?"

मागे बाळ रडत होते.

"हेच सांगितलं असतंत ना? बाला गाठ आहे म्हणून?"

"आई, बाळ उठलंय," ती म्हणाली. "औषध सोडू नकोस हं."

सोडू नकोस, म्हणाली. त्याला सोडू देऊ नकोस, असे म्हणाली नाही. मी फोन ठेवून त्या एका शब्दावर संध्याकाळपर्यंत बसले. मग मला वाटले, बाळ रडत असताना माणूस शब्द मोजून बोलत नाही.

उन्हाळ्यात सापजिभी बांधावर हिरवी उगवली, तेव्हा लानमावशी स्वतः ती दाखवायला आली. तिच्यासारखेच दिसणारे दुसरे एक गवत असते. त्याच्या एका देठावर फुलांचा झुबका येतो. हिला पानाच्या बगलेत एकच फूल, फार तर दोन. आम्ही तिघे बांधावर उकिडवे बसून फुले बघत होतो. मी तिला म्हटले, "मावशी, आमच्या नाड्या बघ."

तिने आधी त्याचा हात धरला, मग माझा. डोळे मिटून बराच वेळ बसली.

"काय?" रुइथांग म्हणाला.

"दोघांच्याही म्हाताऱ्या."

"ते आम्हालाही दिसतं," मी म्हटले.

"मग मला कशाला विचारता? मी गवत ओळखते. माणसाच्या आत काय आहे ते मला दिसत असतं, तर मी बांधावर बसले असते का?"

"हे गवत गुण देतं ना?"

"कुणाला देतं. कुणाला नाही. ज्यांना देत नाही ते परत सांगायला येत नाहीत, म्हणून माझं नाव चांगलं आहे," ती म्हणाली आणि फांदीच्या काठीवर रेटून उठली. तिने थट्टा केली की खरे सांगितले, ते मला आजही कळलेले नाही.

काढा गाळल्यावर जो चोथा उरतो तो आमच्याकडे घरात टाकत नाहीत. तिठ्यावर नेऊन रस्त्यात पसरतात. येणारेजाणारे त्यावरून चालतात आणि आजार पायाला लागून थोडा थोडा लांब जातो. कुणाला त्रास होत नाही, कारण तो अनेकांत वाटला जातो. आता मोटारसायकली जातात. त्या आणखी लांब नेतात, असे आमच्या बायका म्हणतात. मी रोज सकाळी पाटीत चोथा घेऊन तिठ्यावर टाकून येत असे.

एके दिवशी पाटी तिठ्यावरच विसरले, म्हणून परत गेले. रुइथांग चोथ्यावर उभा होता. रबरी बूट काढून बाजूला ठेवलेले, पाय उघडे. भात मळताना बैल फिरतो तसा तो गोल गोल फिरत चोथा तुडवत होता. एकही काडी सुटू नये म्हणून खाली बघत होता.

"म्हाताऱ्या!" मी ओरडले.

तो चोरी सापडल्यासारखा थांबला.

"काय करतोस?"

"काही नाही. पाय शेकतोय."

"थंड चोथ्याने?"

त्याने बूट उचलून हातात घेतले.

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला. "लोक तुडवतात, नेतात कुठेतरी. नीट नेतात की नाही कोण बघतं? म्हटलं, आपणच घ्यावं. माझं वय झालंय. मला चालेल."

मला रडू यायला हवे होते, पण आधी राग आला. "अरे अकलेच्या खंदका! तुडवून तू जातोस कुठं? घरीच येतोस ना? तेच पाय माझ्या पांघरुणात! आजार तिठ्यापर्यंत फिरायला नेऊन रोज परत आणतोस?"

त्याने आपल्या पायांकडे बघितले. हे त्याच्या खरेच डोक्यात आले नव्हते.

"आणि त्यात तुझाही काढा आहे," मी म्हटले. "तुझा तूच तुडवलास तर काय होतं, आहे का काही शास्त्र?"

"माझं कुठं काही आहे? माझा तर सोबतीचा."

"माझाही सोबतीचाच," माझ्या तोंडून गेले.

तो माझ्याकडे बघत राहिला. एक मोटारसायकल आली, आम्ही दोघे बाजूला झालो, ती चोथ्यावरून गेली. मग तो हळूच म्हणाला, "तुला काय सांगितलंय पोरांनी?"

"तुला आहे म्हणून. आणि तुला?"

"तुला आहे म्हणून."

आधी त्याला हसू फुटले. मग मला. आम्ही तिठ्यावरच्या दगडावर बसून इतके हसलो की पुलावरच्या बायका बघू लागल्या. हसता हसता त्याला खोकला आला, मी त्याची पाठ चोळली, आणि चोळताना मला त्याची हाडे हाताला लागली. त्यानेही माझे मनगट धरले होते. त्यालाही माझे हाड लागले असेल. पथ्याने दोघेही वाळलो होतो.

"मग कोण?" मी म्हटले.

"विचारू पोरांना? सरळ?"

"विचार."

तो बराच वेळ बूट पुसत बसला. मग म्हणाला, "नको. आत्ता अर्धं तुझं आहे, अर्धं माझं. विचारलं की एकाच्या गळ्यात सगळं पडेल."

मला ते पटले. पटले तरी डोक्यातला गुंता गेला नाही. उलट आता तो दोघांचा मिळून एक झाला. घरी येताना मी त्याला सांडपाण्याच्या दगडावर उभे करून त्याचे पाय राखेने घासले. तो म्हणाला, "वरचंच जातंय, आतलं नाही." त्या दिवसापासून चोथा टाकायला दोघे मिळून जाऊ लागलो आणि दोघे दोन बाजूंनी लांबून वळसा घालून परत येऊ लागलो.

चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्यात मुलांनी आम्हाला पुन्हा इस्पितळात नेले. एकाला नेले तर कळेल, म्हणून दोघांनाही. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मुलांना वाटले, आम्हाला काही ठाऊक नाही. नळी घालून बाहेर आल्यावर आम्ही चाओरोंगच्या तोंडाकडे बघत होतो. आधी तो रुइथांगला पाणी द्यायला धावला. मला वाटले, कळले. मग त्याने माझ्या खांद्यावर शाल घातली. परत काही कळले नाही.

भाताच्या कापणीनंतर मात्र विचारायची गरज राहिली नाही. रुइथांगला काढाच काय, पेजही उतरेना. तो अंथरुणाला लागला. मी लानमावशीचे पथ्य मोडले, मोसम नसताना खारवलेले कोंब कुठून कुठून मिळवून शिजवले. त्याने एक फोड तोंडात धरली, चोखली आणि काढून माझ्या हातावर ठेवली.

"चव आली का?" मी विचारले.

"आली. ठरलं तर मग, म्हातारे," तो म्हणाला. "सगळं माझ्याकडे. तू सुटलीस."

त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखे भाव होते. मी होकार दिला. चोथा तुडवल्यामुळे असे झाले, असे त्याला वाटत होते की काय, ते मी विचारले नाही.

तो गेल्यावर एकोणपन्नास दिवसांचे विधी झाले आणि मी काढा बंद केला. मडके घासून वळचणीला पालथे घातले. यिनच्याओने ते पाहिले आणि ती माझ्यावर ओरडली, "कुणी सांगितलं तुला बंद करायला?"

"आता कुणासाठी उकळू? मी तर सोबतीला पीत होते."

ती खाली बसली आणि ओंजळीत तोंड झाकून रडू लागली. चाओरोंग म्हणाला, "यिनच्याओ, नको." ती म्हणाली, "आता कशाला लपवायचं?" आणि मग तिने सांगितले. गाठ दोघांनाही होती. एकाच दिवशी, दोघांच्याही कागदावर. त्याची मोठी आणि झपाट्याने वाढणारी. माझी लहान, संथ जातीची. डॉक्टर म्हणाले, या वयात तिच्या वाटेला जाऊ नका, नुसते लक्ष ठेवा. मुले दारात बसून रडली आणि मग त्यांनी ठरवले की ज्याला त्याला दुसऱ्याचे सांगायचे.

"आम्ही खोटं कुणालाच बोललो नाही, आई," चाओरोंग म्हणाला.

ते खरेच होते. इतके महिने खोटे कोणते ते मी शोधत होते, आणि खोटे त्यात नव्हतेच. मला त्यांच्यावर रागवावे की त्यांना जवळ घ्यावे, ते कळेना. मी उठून चहाचे पाणी ठेवले. मग मला आठवले, तू सुटलीस, असे रुइथांग म्हणाला होता, आणि मी होकार दिला होता.

वसंतात मला पुन्हा नळी घातली. डॉक्टर तरुण मुलगी होती. म्हणाली, "आजी, आहे तेवढीच आहे. वाढली नाही, गेली नाही."

"गवतामुळे?"

तिने पडद्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले. "मला नाही सांगता यायचं, आजी."

लानमावशीला विचारले. ती म्हणाली, "मलाही नाही. तुझा म्हातारा त्याच मडक्यातला प्यायचा ना?"

मी पुन्हा पिऊ लागले. एक वाटी. चाओरोंगने विजेवर चालणारे भांडे आणून दिले आहे. बटण दाबले की आपोआप उकळते. चोथा मी तिठ्यावर टाकते आणि लांबून वळसा घेऊन माश्यांकडे जाते. पाचांची सात पोळी झाली आहेत.

काळे मडके वळचणीला पडून होते. मागच्या पावसाळ्याआधी दंग आडनावाच्या घरची सून दारात आली आणि काही न बोलता वळचणीकडे बघत उभी राहिली. मी मडके काढून, पाणी भरून, तडा गेला नाही ना ते तिला दाखवले. कुणासाठी, ते मी विचारले नाही. पुलावरच्या बायका विचारणारच होत्या.

रुइथांग वारला तो बाराव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी, चुलीच्या देवाला निरोप देतात त्या सकाळी. यिनच्याओच्या बाळाला तेव्हा वर्ष पुरे व्हायचे होते. मी अजून आहे.